दुसऱ्या ब्रेकवाले सर आणि पाडापाडीचा तक्ता

तुम्हाला कधी कुणी आकडा दाखवून गप्प बसवलंय? बसवलंच असणार. आणि तुम्ही बसलात, हो ना? समोरचा कागद पुढे सरकवतो, त्यावर दोन आकडे आणि मध्ये एक टिंब असतं. टिंब दिसलं की भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. माझी नाही चिकटत. आमच्या भागातल्या बसबद्दल भांडायला गेले होते तेव्हा एका साहेबाने मला असाच आकडा दाखवला होता. "बाई, सरासरी काढली, दर पंधरा मिनिटांनी बस आहे." होतीच की! चार बस एकीच्या शेपटीला एक अशा यायच्या आणि मग तासभर रस्ता मोकळा. सरासरी पंधराच भरते. त्या दिवशी साहेबाच्या टेबलावरचा पेपरवेट मी कसाबसा खाली ठेवला, घरी आले आणि गणित शिकायला घेतलं. कॉलेजात नाही, भांडता भांडता.

त्यामुळे आकड्याने मारलेली माणसं माझ्याकडे येतात. पण हे सर आले तेव्हा मीसुद्धा चक्रावले.

सर म्हणजे चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलचे सर. सगळा परिसर त्यांना 'दुसरा ब्रेक' म्हणतो. आधी पाठीमागे म्हणायचा, आता तोंडावर. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, त्यावर या माणसाचा पाय उभा जन्म ठेवलेला आहे. तो पाय आता गाडीबाहेरही ऐकत नाही. खुर्चीत बसले तरी पाय ताणलेला. सिनेमाला गेले आणि पडद्यावर गाडी वळली, की पुढच्या रांगेतल्या माणसाच्या पाठीत लाथ. त्यांचा एक बूट दुसऱ्याच्या आधी झिजतो, आणि चांभार न विचारता तोच बूट आधी हातात घेतो.

मी गाडी त्यांच्याकडेच शिकले. शिकले म्हणजे, आम्ही एका गाडीत बसून भांडलो आणि शेवटी मला लायसन्स मिळालं. "ताई, आरसा बघा," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "पावडर लावायला नाही, मागचं बघायला." माझं डोकं फिरलं. भर चौकात गाडी बंद केली, दार उघडलं आणि चालायला लागले. मागून आवाज आला, "उतरण्याआधीही आरसा बघायचा असतो!"

तर हे सर एका संध्याकाळी माझ्याकडे आले, खुर्चीवर बसले, पाय ताणला आणि म्हणाले, "ताई, मला पथकातून काढतायत."

"कसल्या पथकातून?"

"लढाऊ विमानांच्या."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "आधी हे प्या."

मग हळूहळू उलगडा झाला. झेरॉक्सच्या दुकानामागे एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथे जुन्या मशिनी पडलेल्या असायच्या, आता टेबलं, कॉम्प्युटर, हेडफोन आणि विमान चालवायचा दांडा. तिथे बसून चौघं जण इंटरनेटवर विमानांची लढाई खेळतात. आपले ते लाल, समोरचे ते निळे. निळे कुठल्यातरी दुसऱ्या गावात अशाच खोलीत बसलेले असतात. लालचे कॅप्टन आमचे दंतवैद्य. दुसरी झेरॉक्सवाली, तिसरा शेजारचा केशकर्तनवाला, आणि चौथे सर.

"खेळच आहे ना? काढलं तर काढलं," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं, पण त्यांचा चेहरा बघितला आणि पुढचं बोलणं गिळलं.

"ताई," ते म्हणाले, "दिवसभर स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात. घरच्या गाडीचं स्टेअरिंग हिच्या हातात, कारण मी चालवायला लागलो की ही म्हणते, पोचायचंय आपल्याला. जगात एकच जागा आहे जिथे दांडा माझ्या हातात असतो."

मला असल्या गोष्टी सहन होत नाहीत. "कुणी काढलं आणि कशावरून?"

"डॉक्टरांनी. टिंबावरून."

दुसऱ्याच दिवशी मी त्या खोलीत उभी होते. 'लॅमिनेशन करून मिळेल' या पाटीखाली एक तक्ता चिकटवला होता. प्रत्येकाने किती विमानं पाडली, भागिले स्वतः किती वेळा पडला. झेरॉक्सवाली, तेरा पाडली, दहा पडली: १.३. केशकर्तनवाला: १.२. डॉक्टर स्वतः: अकराला दहा, १.१. आणि तळाला सर. एक पाडलं, पाच वेळा पडले: ०.२. खाली लाल शाईत लिहिलेलं: 'चषकाच्या स्पर्धेआधी तळाचा खेळाडू बदलण्यात येईल.'

आता डॉक्टरांबद्दल एक सांगते. माणूस वाईट नाही. पण आयुष्यभर समोरच्याच्या तोंडात हत्यारं घालून बोलल्यामुळे त्यांना प्रश्न विचारायची सवय आहे, उत्तर ऐकायची नाही. उत्तर आलं की ते दचकतात.

"हा आकडा किती दिवसांचा?" मी विचारलं.

डॉक्टर दचकले. "या आठवड्याचा."

"एका आठवड्यावरून माणूस काढता? तुम्ही एक दात बघून अख्खी कवळी बसवता का?"

"ताई, आकडा आहे तो आकडा आहे."

"बरं. सरांना खेळायला कधी घेता?"

डॉक्टर छताकडे बघायला लागले. उत्तर झेरॉक्सवालीने दिलं, कागद मोजता मोजता. "समोर तीन निळे असले की आम्ही तिघं. समोर पाच आले की मग सरांना हाक मारायची."

"म्हणजे पाचांच्या अंगावर चौघांना सोडायचं असेल तेव्हाच सर!" माझा आवाज चढला, बाहेर झेरॉक्सला आलेलं गिऱ्हाईक परत गेलं. "बाकीच्यांनी बरोबरीच्या लढायाही खायच्या, याने नुसत्या हरायच्या लढायांत उतरायचं, आणि मग दोघांना एकाच तराजूत टाकायचं? हा तक्ता आहे का चहाडी?"

केशकर्तनवाला कात्रीसारखी बोटं हलवत म्हणाला, "मुद्दा आहे हं डॉक्टर."

"चषक तोंडावर आलाय," डॉक्टर म्हणाले. "तक्ता बदलणार नाही."

बदलणार नाही? मला? मी सरांना बाहेर काढलं आणि तिथेच, झेरॉक्सच्या पायरीवर, सांगितलं. "सर, धरणं धरायचं. आज खेळ सुरू झाला की विमान आपल्या धावपट्टीवर आडवं लावा. इंजिन बंद. ब्रेक ओढा. बघू कोण उडतंय ते."

ब्रेक हा शब्द ऐकून माणसाचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, निम्मा न्याय इथेच मिळाला.

त्या संध्याकाळी समोर पाच निळे आले, म्हणून नियमाप्रमाणे सरांना हाक गेली. मी मागे स्टुलावर बसले. सरांची बायकोही आली होती. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणतो. पण सर शिस्तीचे. विमान जिथे उभं होतं तिथेच बसायला तयार होईनात. "थांबायचं तर आधी चालायला हवं," ते म्हणाले आणि उडाले. एक चक्कर मारली. वाटेत समोरून येणाऱ्या एका ढगाला जागा दिली. मग, आभाळात ना सिग्नल ना पाटी, सरांना रस्ता सापडेना. शेवटी एक धावपट्टी दिसली. फार सुंदर उतरले हो! विमान आडवं लावलं, इंजिन बंद केलं, ब्रेक ओढला आणि माइकवर घोषणा दिली: "न्याय मिळेपर्यंत विमान हलणार नाही!"

ती धावपट्टी निळ्यांची होती.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. त्या खेळात जमिनीवर उभ्या विमानाला कुणाच्याच गोळ्या लागत नाहीत. त्यामुळे निळ्यांना सरांना उडवता येईना. पहिला निळा उतरायला वेगात आला, आडवं विमान बघून वळला आणि पेट्रोलच्या टाकीत घुसला. खेळात असा नियम आहे की विमान आपटून फुटलं, तर श्रेय सगळ्यात जवळच्या शत्रूला. खणखणीत आवाज आला: "शत्रूचं विमान पाडलं! शाबास!"

"मी नाही पाडलं!" सर ओरडले. "मी शांततेने बसलोय!"

दुसरा निळा टॉवरवर गेला. "शाबास!"

"अहो इंडिकेटर कोण देणार?" सर त्या निळ्यालाच झापायला लागले. "वळताना मागे बघितलंत का? कुणी शिकवलं तुम्हाला?"

तिसरा खड्ड्यात. चौथा आणि पाचवा एकमेकांवर. पहिला नवं विमान घेऊन परत आला, आणि पुन्हा टाकीत. "शाबास! शाबास! शाबास! शाबास!" झेरॉक्सवालीने डोकं टेबलावर टेकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. डॉक्टर हेडफोन हातात धरून उभे, तोंड उघडं, त्यांच्याच गिऱ्हाइकासारखं. वहिनी मला म्हणाली, "घरीसुद्धा असेच मध्ये बसतात. तिथे कुणी शाबास म्हणत नाही."

फेरी संपली. सहा विमानं सरांच्या नावावर, आणि स्वतः एकदाही पडले नाहीत. मी खडू घेतला आणि तक्त्याखालच्या भिंतीवर हिशेब मांडला. आधीचं एक अधिक सहा, सात. भागिले पाच. १.४.

लाल पथकात पहिला नंबर. आणि तळाला? १.१. डॉक्टर.

"हा आकडा खोटा आहे!" डॉक्टर किंचाळले.

"का? टिंब आहे की त्यात."

केशकर्तनवाल्याने फार मायेने विचारलं, "डॉक्टर, तुम्ही आजच निघताय का चषक बघून जाताय?"

डॉक्टर खाली बसले. मग, हे मात्र त्यांच्या बाजूने लिहिते, त्यांनी स्वतः उठून तक्ता फाडला. "मग ताई, मोजायचं कसं? शिव्या न घालता सांगा."

शिव्या न घालता सांगायला मला थोडा वेळ लागला. पण सांगितलं. आधी माणसं सारखी करा: चारास चार. विमानं सारखी करा: एका फेरीत लालची विमानं आपण घ्यायची, पुढच्या फेरीत अदलाबदल, म्हणजे चांगलं विमान आणि चांगला माणूस यांची गल्लत नको. आणि सर कधी उडणार हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही. नाणं उडवायचं. छाप आली तर सर, काटा आला तर त्यांच्या जागी वहिनी. कुणाच्या मर्जीचं बोट लागू द्यायचं नाही. आणि शेवटी सरांनी किती पाडली ते बघायचंच नाही. सर असताना बाकीच्या तिघांचं काय होतं आणि नसताना काय होतं, ते बघायचं.

निळे तयार झाले. त्यांची एकच अट होती, 'ते आजोबा' पुन्हा धावपट्टीवर बसता कामा नयेत. सर म्हणाले, "आजोबा कुणाला म्हणतो?" पण कबूल झाले.

मग नाणं उडत राहिलं आणि माणसंही. वहिनी पहिल्याच दिवशी अशी सुसाट गेली की केशकर्तनवाल्याने खुर्ची मागे घेतली. छापेच्या आणि काट्याच्या वीस-वीस फेऱ्या भरल्या, तेव्हा मी बेरीज केली. खोटं वाटून पुन्हा केली. सर नसताना डॉक्टर, झेरॉक्सवाली आणि केशकर्तनवाला मिळून साठ वेळा पडले होते. सर असताना एकतीस. निम्म्यावर! सर नसताना पथक सात फेऱ्या जिंकलं, असताना तेरा. सर स्वतः मात्र जवळजवळ प्रत्येक फेरीत पडले होते, पण मनापासून.

"बघा!" सर उभे राहिले. छाती केवढी फुगली होती! "मी ओरडतो ना, 'मागे बघ, मागे बघ', म्हणून वाचता तुम्ही. मी शिकवतो तुम्हाला!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात काहीतरी होतं. शेवटी झेरॉक्सवालीच बोलली, कारण ती कुणाचंच मन राखत नाही.

"सर, राग मानू नका. विमानाच्या पंखांवर एक झडप असते, वेग कमी करायची. तुम्ही ती कायम उघडी ठेवता. तुम्ही इतके हळू उडता की निळ्यांना मोह आवरत नाही. ते सगळे तुमच्यामागे रांग लावतात, मग आम्ही त्यांच्यामागे जातो."



"म्हणजे मी," सर सावकाश म्हणाले, "गळाला लावलेला किडा."

"महत्त्वाचा किडा," डॉक्टर घाईने म्हणाले. "सर, तुम्ही पथकात आहात, नक्की! मी शब्द देतो!"

"अहो, रुसता काय?" वहिनी म्हणाली. "राहिलात ना पथकात? आणि तुमच्या ओरडण्याने माणसं सुधारतात असं आकड्यांनी सिद्ध झालं, तर मला घर सोडून जावं लागेल."

सर हसले नाहीत. हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि माझ्याकडे वळले. "ताई, मला उडायचंय. पण शिकवणारा म्हणून उडायचंय. या चौकात निम्म्या लोकांना मी रस्त्यावर आणलंय," ते म्हणाले, आणि कुणीही हसलं नाही, "त्यातलं कुणी कुणाच्या अंगावर गेलेलं नाही. माझ्या ओरडण्याने वाचतात की माझ्या हळू जाण्याने, हे ठरवा. ठरलं नाही तर चषकात मी बसणार नाही. मला शब्द नको, तक्ता द्या."

डॉक्टर हबकले. चषकात सर नसले तर काय होणार, ते आता सगळ्यांना पाठ झालं होतं: साठ.

मी म्हटलं, सोपं आहे. ओरडणं आणि हळू जाणं वेगळं करायचं. एकदा नुसतं ओरडायचं, एकदा नुसतं हळू जायचं. सोपं वाटतं ना तुम्हालाही? ऐका.

आधी नुसतं ओरडणं. सरांना विमान द्यायचं नाही, बाजूला स्टुलावर बसवायचं, फक्त माइक. बसले. निळा डॉक्टरांच्या मागे आला. सर ओरडले, "मागे!" आणि त्याच वेळी पाय गेला. टेबलाखाली विजेची पट्टी असते, तिचं बटण नेमकं ब्रेकच्या जागी. चारही विमानं, दिवा आणि दुकानातलं झेरॉक्स मशीन एका दमात बंद. पट्टी हलवली, तर पाय तिला शोधत गेला. पाय बांधला, तर स्टुलासकट गेला. नाद सोडला.

मग नुसतं हळू जाणं. सर उडणार, पण बोलणार नाहीत. पहिल्या वळणालाच "मागे!" माइक काढून घेतला, तर खोलीत आवाज घुमला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे माझं क्षेत्र आहे, आणि दवाखान्यातून कापसाच्या वळकट्या घेऊन आले. सरांच्या दोन्ही गालांत ठासल्या. आता बोला! सर उडाले. निळा आला. सर म्हणाले, "आ आ! आआई आ!"

आणि डॉक्टर खटकन डावीकडे वळून वाचले.

मी खुर्चीवरून उठले. "डॉक्टर! तुम्ही का वळलात?"

"ते 'मागे, डावीकडनं' म्हणाले ना."

"तुम्हाला कळलं?"

डॉक्टरांना माझा प्रश्नच कळेना. "न कळायला काय झालं? अगदी स्पष्ट बोलले."

आयुष्यभर कापूस भरलेली तोंडं ऐकलेला माणूस! त्याच्या कानाला ती मायबोली! केली की नाही माझ्या प्रयोगाची माती? मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण कापूस माझ्याही तोंडात असता तर बरं झालं असतं असं वहिनी म्हणाली. सर मात्र डॉक्टरांकडे टक लावून बघत होते. त्यांचं बोलणं या खोलीत कुणीतरी ऐकत होतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं असावं. कापूस काढल्यावर ते फक्त म्हणाले, "डॉक्टर, वळलात छान. पण आरसा?"

"बघितला होता, सर," डॉक्टर म्हणाले. दचकले नाहीत.

पण हा पुरावा नव्हे. एका वळणावरून मी निकाल देत नाही, दिला तर माझ्यात आणि त्या फाडलेल्या तक्त्यात फरक काय? सरांनाही मान्य आहे. ते रोज खोलीत येतात, बाकीच्यांना उडताना बघतात, पाय टेबलापासून लांब ठेवतात. दांड्याला हात लावत नाहीत.

आता एकच वाट उरलीय. सरांइतकं हळू उडणारा, पण तोंडातून अक्षर न काढणारा दुसरा माणूस हवा. त्याला सरांच्या जागी बसवायचं. तो असतानाही बाकीचे कमी वेळा पडले, तर करामत हळू जाण्याची. जास्त पडले, तर सर शिकवणारे ठरले, आणि चषकात त्यांचा दांडा त्यांच्या हातात. आमचा सगळा भाग पालथा घातला. जे हळू चालवतात ते अखंड बोलतात. जे गप्प असतात ते वहिनीसारखे सुसाट.

तुमच्या घरात आहे असा एक. नाही म्हणू नका, प्रत्येक घरात असतो. मोकळ्या रस्त्यावर कडेने जाणारा, मागचे हॉर्न वाजवून थकले तरी ढिम्म, आणि विचारलं तर नुसती मान हलवणारा. चषक जवळ आलाय. त्याला आमच्याकडे पाठवा. फक्त कशासाठी पाठवताय ते त्याला सांगू नका. कळलं तर तो मुद्दाम जोरात उडेल.